पाहणीचा कागद कुणाचा? आठवीच्या विज्ञान वर्गातलं एक पर्यवेक्षण-प्रकरण

बडोद्याच्या जुन्या शहरात, रावपुऱ्यापासून चालत पोहोचता येईल अशा अंतरावर एका ट्रस्टची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. तिथे आठवीच्या एका तुकडीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं हे प्रकरण. बाई मराठी, एम.एस्सी. बी.एड., नोकरीला अकरा वर्षं झालेली. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या परीक्षेत तुकडीचे विज्ञानाचे गुण घसरले. 'वर्गात फार गोंधळ असतो' अशी तक्रार घेऊन दोन पालक आले आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मी बी.एड. महाविद्यालयातून निवृत्त झालेली. शिक्षकांच्या पर्यवेक्षणाचं काम अजून करते. ओळख पटू नये म्हणून शाळेचे आणि माणसांचे काही तपशील इथे बदलले आहेत.

मुख्याध्यापकांची मागणी सरळ होती. "बेन, तमे जरा जोई आपो ने, पछी मने रिपोर्ट आपजो." म्हणजे, तुम्ही जरा बघून द्या आणि मग मला अहवाल द्या. मार्चमध्ये गोपनीय अहवाल लिहायचे असतात. बाईंच्या अहवालात काय लिहावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं आणि बाहेरच्या माणसाचं मत हाताशी असलं तर बरं, असा हिशेब होता. त्यात लबाडी काही नव्हती. शाळा चालवणाऱ्या माणसाला कोण कसं शिकवतं हे कळायलाच हवं.

अडचण वेगळीच होती. बाईंना मदत करायची आणि त्याच वहीतून त्यांच्यावर अहवालही द्यायचा, ही दोन कामं एका हाताने होत नाहीत असं माझं मत आहे. हा वाद माझ्या आधीपासूनचा आहे. समाजकार्याच्या क्षेत्रात आल्फ्रेड कॅडुशिन यांनी 1976 मध्ये पर्यवेक्षकाची तीन कामं सांगितली: प्रशासन, शिक्षण आणि आधार. ही तिन्ही एकाच वरिष्ठाकडे असतात हे त्यांनी गृहीत धरलं. शिक्षकांच्या बाबतीत हार्वर्डमध्ये 1950च्या दशकाच्या अखेरीस मॉरिस कोगन, रॉबर्ट गोल्डहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत घडवली, तिचा ओढा उलट दिशेला होता. गुण देणं बाजूला ठेवा, शिक्षकाच्या शेजारी बसा, त्याच्याच वर्गातला पुरावा त्याच्यासमोर ठेवा. गोल्डहॅमर यांनी 1969 मध्ये या पद्धतीचे पाच टप्पे मांडले: आधीची बैठक, वर्गनिरीक्षण, नोंदींचं विश्लेषण, नंतरची बैठक आणि शेवटी पर्यवेक्षकाने स्वतःच्याच कामाची केलेली तपासणी. पाचवा टप्पा बहुतेक ठिकाणी गळतो. आपल्याकडे तर दुसरा तेवढा उरतो.

मी मुख्याध्यापकांपुढे अट ठेवली: वर्गात टिपलेला प्रत्येक कागद बाईंचा. तुम्हाला मी फक्त कोणत्या तारखांना आले ते सांगेन. बाकी काय सांगायचं ते बाई ठरवतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग शाळेला काय मिळणार?"

प्रश्न रास्त होता. दोन महिन्यांनी मी नसतानाही बाई स्वतःच्या वर्गाकडे बघू शकल्या तर ते शाळेला मिळेल, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं. त्यांचं समाधान झालं नाही, पण त्यांनी मान्य केलं.

आधीची बैठक

बाई स्टाफरूममध्ये भेटल्या तेव्हा टाचणवही, गुणपत्रकं, तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा असं सगळं टेबलावर मांडून बसल्या होत्या. तपासणीची तयारी करावी तशी. बडोद्याला तपासणीची सवय जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळा वाढल्या तसे त्या तपासणारेही वाढले. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा अधिकारी, येणार म्हणून मुलांकडून उत्तरं घोकून घ्यायची, मग शेरेबुकात दोन ओळी आणि सही. हे इतकं अंगवळणी पडलं आहे की वर्गात कुणी मोठं माणूस मागच्या बाकावर बसलं की शिकवणारा आपोआप मुलांऐवजी त्या माणसाकडे बघून शिकवू लागतो.

"तुमच्या वर्गात याआधी कोण बसलं होतं?" मी विचारलं.

"बी.एड.च्या सराव पाठांना सर बसायचे, कोष्टकात खुणा करायचे. इथे दोन-तीनदा बाहेरून साहेब आले. एकांनी लिहिलं, आवाज मोठा ठेवावा. ठेवला."

अकरा वर्षांत त्यांच्या वर्गावर झालेलं बोलणं एवढंच. त्यांच्या वेळी बी.एड. एक वर्षाचं होतं. 2014च्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं आणि प्रत्यक्ष शाळेतलं काम 20 आठवड्यांचं. पण पदवी हातात पडली की तेही संपतं. त्याच शाळेत आठवड्यातून दोन दिवस एक समुपदेशक येते. वयाने बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान. ती दर पंधरा दिवसांनी तिच्या पर्यवेक्षकाकडे जाते आणि हे आयुष्यभर चालणार हे गृहीत धरूनच ती या व्यवसायात आली आहे. आपल्यात काही कमी आहे म्हणून जावं लागतं असं तिला वाटत नाही. समोरच्या माणसाचं ओझं घेऊन काम करणाऱ्याने ते कुठेतरी उतरवून तपासावं, हा त्या व्यवसायाचा रिवाज आहे. शिक्षकाला असा रिवाज कुणी दिला नाही. बाईंनी ही तुलना ऐकली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे बोलावलं म्हणजे काहीतरी चुकलंय."

मी विचारलं, वर्गात मी काय बघावं असं तुम्हाला वाटतं? त्या लगेच म्हणाल्या, "शिस्त. वर्ग शांत राहत नाही. कोण बोलतं ते बघा म्हणजे त्यांना वेगळं बसवता येईल."

कार्ल ग्लिकमन यांनी 1981 मध्ये पर्यवेक्षकाच्या तीन रीती सांगितल्या आहेत: सरळ सांगणारी, मिळून ठरवणारी, आणि फक्त ऐकून दुसऱ्याला ठरवू देणारी. नव्याने लागलेल्या, गांगरलेल्या शिक्षकाला 'तुम्हीच ठरवा' म्हणणं ही क्रूर थट्टा असते. त्याला दोन स्पष्ट सूचना लागतात. अकरा वर्षांच्या शिक्षिकेला सूचना दिल्या तर ती मान डोलावते आणि वर्गात जाऊन होतं तेच करते. मी मधली रीत धरली. त्यांची तक्रार तशीच ठेवली, फक्त ती डोळ्यांनी दिसेल अशा भाषेत आणली. 'शिस्त' दिसत नाही; गोंगाट कधी चढला हे दिसतं. तेव्हा ठरलं की मी बाकांच्या नकाशावर कोण कुणाशी बोललं ते बाणांनी दाखवीन, बाईंचा प्रत्येक प्रश्न शब्दशः लिहीन, आणि गोंगाट चढला की वेळेच्या पट्टीवर एक उभी रेघ ओढीन. 'गोंगाटाच्या आधी काय झालं' हेही हवं, असं बाईंनीच सांगितलं. पुढे हे वाक्य फार कामाला आलं.

व्हिडिओ करायचा नाही असंही ठरलं. पालकांची परवानगी लागली असती, आणि कॅमेरा दिसला की आठवीची मुलं मुलं राहत नाहीत. बाईंचा स्वतःचा मोबाइल टेबलावर आवाज टिपत राहील आणि तो आवाज त्यांच्याकडेच राहील.

वर्गातला तास

धडा घर्षणाचा. 46 मुलं, खिडकीकडून भिंतीकडे बाकांच्या तीन रांगा, 35 मिनिटांचा तास. बाईंचं शिकवणं चांगलं होतं हे आधीच सांगते. फरशीवर पाणी सांडलं की पाय का घसरतो इथून त्यांनी सुरुवात केली, चपलेचा तळ उलटा करून मुलांना दाखवला आणि कॅरमवर पावडर का टाकतात हे विचारलं. उदाहरणं नेमकी, फळ्यावरचं अक्षर सुरेख.

वर्गातलं बोलणं मोजण्याची फ्लँडर्स यांची पद्धत मी वापरली नाही, कारण ती ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो इथे विचारलेलाच नव्हता. त्यात दर तीन सेकंदांनी वर्गात काय चाललं आहे ते दहा प्रकारांपैकी एका आकड्याने नोंदवायचं असतं: सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, एक शांततेचा किंवा गोंधळाचा. आमच्या बडोद्याच्या विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात 1970च्या दशकात या पद्धतीवर आणि सूक्ष्म अध्यापनावर, म्हणजे लहान गटावर एकेका कौशल्याच्या सरावावर, पुष्कळ काम झालं. माझ्या पिढीची तालीमच त्यात झाली. शिक्षक किती बोलतो हे तिच्यातून छान कळतं. पण 'विद्यार्थी बोलला' या खान्यात पहिल्या बाकावरचा आणि शेवटच्या बाकावरचा एकच होऊन जातात. इथे तर कोण बोलतं हेच बघायचं होतं.

तास संपला तेव्हा कागदावर 38 प्रश्न होते. त्यांतले 24 पहिल्या तीन ओळींतल्या मुलांना, बहुतेक खिडकीकडच्या आणि मधल्या रांगेत. नऊ प्रश्न सगळ्या वर्गाला उद्देशून, त्यांतल्या सातांची उत्तरं बाईंनी स्वतःच दिली. राहिलेले पाच भिंतीकडच्या मागच्या चार बाकांना. त्या बाकांवर आठ मुलं बसतात. गोंगाटाच्या रेघा नऊ, त्यांतल्या सहा बाईंनी स्वतःच उत्तर दिल्यानंतर लगेच.

बैठकीआधी मी हे एकटीने दोनदा वाचलं आणि अडखळले ते त्या पाच प्रश्नांपाशी. बाकीचे 33 इंग्रजीत होते, घर्षणाबद्दल. हे पाच गुजराती-हिंदीत होते आणि त्यांत घर्षण नव्हतं. वही कुठे आहे, मागे काय चाललंय, कालचं उतरवून घेतलंस का. थोडक्यात, संपूर्ण तासात त्या आठ मुलांना विज्ञानाचा एकही प्रश्न आला नव्हता.

हे बाईंना सांगायचं का? ठरलेल्या करारात भाषा नव्हती. करारात नसलेलं बोलायचं नाही हा या पद्धतीचा जुना संकेत आहे आणि त्याला कारण आहे: एकदा का शिक्षकाला वाटलं की पर्यवेक्षक मनातलं काहीतरी वेगळंच शोधत होता, की पुढच्या वेळी तो वर्ग सजवून ठेवतो. दुसरीकडे, आठ मुलांचा प्रश्न माझ्या डोळ्यांसमोर होता आणि संकेत पाळायचा म्हणून गप्प बसणं मला पटत नव्हतं. माझ्या मदतीला बाईंचंच वाक्य आलं. गोंगाटाआधी काय झालं ते त्यांना हवं होतं, म्हणून प्रश्न शब्दशः, ज्या भाषेत विचारले त्याच भाषेत, लिहिलेले होते. कागद तसाच पुढे ठेवायचा. त्यांना दिसेल ते दिसेल. पहिल्या खेपेला दिसलं नाही, तर दुसऱ्या खेपेला मी विचारणार.

कागद समोर ठेवून

बैठक दुसऱ्याच दिवशी, त्यांच्या ऑफ तासाला झाली. मी नकाशा टेबलावर ठेवला आणि काही बोलले नाही. बाईंनी आधी नापसंतीने पाहिलं, मग बाण मोजायला सुरुवात केली. पेन मागून घेतलं.

"हे पुढचेच सगळे," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "पण बाई, मागचे उत्तरच देत नाहीत. म्हणून मी विचारत नाही."

मी वाट पाहिली.

"विचारलंच नाही तर देणार कसं, असं म्हणणार ना तुम्ही?"

मी तसं म्हणणार नव्हते, पण बाईंनी ते स्वतःला म्हणून घेतलं. मग त्यांचं लक्ष गोंगाटाच्या रेघांकडे गेलं. सहा रेघा स्वतःच्या उत्तरांनंतर आल्या आहेत हे त्यांना पटायला वेळ लागला. त्यांनी प्रत्येक रेघेच्या आधीचा प्रश्न वाचून काढला आणि एका ठिकाणी स्वतःशीच हसल्या: "हे तर मीच विचारून मीच सांगितलं. मग त्यांना काय काम उरलं? बोलणारच."

इथे मी वाट पाहण्याच्या वेळेची गोष्ट सांगितली. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांचे आवाज तपासून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतः बोलतात. हे थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, न विचारता बोलणारी मुलं वाढतात, 'येत नाही' म्हणणारी कमी होतात. बाईंनी घरी जाऊन मोबाइलवरचा आवाज ऐकला. रात्री मला मेसेज आला: "एक सेकंदसुद्धा नाही."

भाषेची गोष्ट त्या बैठकीत निघाली नाही.

ती निघाली पुढच्या आठवड्यात, आवाज एकत्र ऐकताना. मिशिगन स्टेट विद्यापीठात नॉर्मन केगन यांनी 1960च्या दशकात समुपदेशकांसाठी एक रीत बसवली: मुलाखतीचं चित्रीकरण लावायचं, थांबवण्याचं बटण शिकणाऱ्याच्या हातात, आणि त्याने जिथे थांबवलं तिथे पर्यवेक्षकाने फक्त विचारायचं, त्या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं? सल्ला द्यायचा नाही. समुपदेशकांकडून शिक्षकांनी उसनं घ्यावं असं हे खरंखुरं अवजार आहे. आम्ही चित्राऐवजी आवाजावर भागवलं. मोबाइल बाईंच्या हातात होता.

त्यांनी पहिल्यांदा थांबवलं ते एका मुलीच्या हुशार उत्तरापाशी, कौतुकाने. दुसऱ्यांदा, 'वही कुठे आहे' या प्रश्नापाशी. तो तुकडा त्यांनी परत लावला.

"इथे मी गुजरातीत गेले."

"त्या क्षणी मनात काय होतं?"

बराच वेळ काही नाही. मग: "भीती. त्यांना घर्षण विचारलं, चुकीचं उत्तर आलं, तर ते दुरुस्त करत बसावं लागेल. धडा संपणार नाही. शनिवारी पोर्शन किती झाला ते लिहून द्यायचं असतं. पुढच्या मुलींना विचारलं की उत्तर येतं आणि गाडी पुढे जाते." थोड्या वेळाने: "मला त्या मुलांचा राग नाहीये हो, बाई."

राग नव्हताच. पुढच्या तीन ओळी बाईंच्या धड्याला ढकलत होत्या आणि बाईंना त्या ढकलण्याची गरज होती. दुजाभाव हा शब्द इथे लावला असता तर बैठक तिथेच संपली असती, आणि शब्द चुकीचाही ठरला असता. जॅनिन बर्नार्ड यांच्या 1979च्या मांडणीत पर्यवेक्षक तीन भूमिकांमध्ये ये-जा करतो: शिकवणारा, समुपदेशक, सल्लागार. भीती हा शब्द आला तेव्हा मी काही मिनिटं दुसऱ्या भूमिकेत राहिले. पण भीतीचं मूळ बाईंच्या घरात किंवा बालपणात शोधायला गेले नाही. त्याचा मला अधिकार नाही. भीतीचं मूळ शनिवारच्या पोर्शनच्या तक्त्यात होतं आणि तो तक्ता शाळेने दिलेला होता.

तो तक्ता मागणाऱ्या बैठकीला मी बाईंच्या सांगण्यावरून एकदा बसले. मुख्याध्यापक प्रश्न विचारत होते: आठवीला इतका वेळ का लागतोय? आणि कुणी तोंड उघडायच्या आत उत्तरही देत होते: रिव्हिजन जास्त घेता म्हणून. पुढच्या खुर्च्यांवरचे दोघे-तिघे माना डोलावत होते. मागे बसलेल्या शिक्षिका आपापसात कुजबुजत होत्या आणि सर मधूनच म्हणत होते, "शांती राखो ने, बेन." मला हसू आवरेना. मनोविश्लेषक हॅरल्ड सर्ल्स यांनी 1955 मध्ये लिहिलं होतं की उपचारक आणि रुग्ण यांच्यात जे घडतं त्याचं प्रतिबिंब उपचारक आणि पर्यवेक्षक यांच्यात उमटतं. पुढे असंही दाखवलं गेलं की ही वाट वरून खालीही वाहते. आठवीच्या वर्गाचा नकाशा मी काढला होता. तोच नकाशा स्टाफरूमचा निघाला असता. हे मी सरांना बोलले नाही. ते माझ्या पर्यवेक्षणाखाली नव्हते.

काय करून पाहिलं

आधी लहान गटावर सराव केला. सूक्ष्म अध्यापनाची कल्पना 1963च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये निघाली: थोडी मुलं, थोडी मिनिटं, एकच कौशल्य. बाईंनी शाळा सुटल्यावर थांबणारी सहा मुलं घेतली, त्यांत मागच्या बाकांवरचे तिघे. कौशल्य एकच, प्रश्न विचारून थांबणं. गणिताच्या शिक्षिका शेजारी बसून वेळ मोजत होत्या. बाई थांबताना बांगडी फिरवत. तीन सेकंद किती लांब असतात हे ज्याने वर्गात उभं राहून मोजलं त्यालाच कळेल.

मग वर्गात. प्रश्न विचारला की सगळ्यांनी आधी वहीत अर्धा मिनिट काहीही लिहायचं, कोणत्याही भाषेत. नंतर चिठ्ठी काढून नाव. उत्तर गुजरातीत आलं तर बाई त्यातला मुद्दा इंग्रजीत फळ्यावर मांडत आणि त्याच मुलाला तो वाचायला लावत. कॅरमच्या पावडरीवर भिंतीकडच्या एका मुलाने दिलेलं उत्तर बाईंनी मला मुद्दाम सांगितलं: पावडर जास्त झाली तर सोंगटी अडकतेसुद्धा, आमच्या गल्लीच्या बोर्डावर होतं तसं. पुस्तकात हे नाही. त्यातून पृष्ठभागावर दहा मिनिटं चर्चा झाली आणि अर्थातच पोर्शन मागे पडला.

पहिल्या दोन आठवड्यांत गोंगाट वाढला. मुलांना बाईंची नवी शांतता विचित्र वाटत होती आणि चिठ्ठीत नाव निघालेल्याला बाकीचे कुजबुजून उत्तर पुरवत होते. बाई वैतागल्या. एकदा फोनवर म्हणाल्या, "जुनंच बरं होतं." अशा वेळी पर्यवेक्षकाने धीर द्यायचा की मागे फिरू द्यायचं? मी विचारलं, कुजबुजणारे कशाबद्दल कुजबुजतात? दुसऱ्या दिवशी त्यांनी कान देऊन ऐकलं. घर्षणाबद्दलच.

मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीचे पालक आले. मुलगी घरी रडली होती, बाई आता विचारतच नाहीत म्हणून. हे मी आधी पाहिलं नव्हतं असं नाही. प्रश्नांची वाटणी बदलली की ज्यांचा वाटा कमी होतो ते आवाज करतात, आणि त्यांचा आवाज ऑफिसपर्यंत लवकर पोहोचतो. मागच्या आठ मुलांपैकी कुणाचेही पालक वर्षभरात तक्रार घेऊन आले नव्हते. त्यांतली काही शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांवर पहिलीत आलेली. 2009च्या त्या कायद्याची मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंत. नववीची फी कुठून आणायची, की शाळा बदलायची, हा प्रश्न त्या वर्षी अशा घरांपुढे होता. समुपदेशकाने स्टाफच्या बैठकीत कुणाचंही नाव न घेता एवढंच सांगितलं होतं की आठवीतली काही मुलं 'पुढच्या वर्षी मी इथे नसेन' या भावनेने बसतात. एका शिक्षिकेने नावं विचारली. ती नाही म्हणाली, आणि कारण विचारल्यावर दिलगिरी न दाखवता म्हणाली की ते मला सांगता येत नाही. कागद कुणाचा या प्रश्नावर माझं आणि मुख्याध्यापकांचं जे बोलणं झालं होतं त्यापेक्षा तिचं ते एक वाक्य स्पष्ट होतं.

रडलेल्या मुलीच्या पालकांसमोर बाईंनी स्वतःहून पहिला नकाशा ठेवला. मुलांची नावं खोडून, फक्त चौकोन आणि बाण. वडील बघत राहिले. मुलीला त्यांनी काय सांगितलं ते माहीत नाही, पण परत आले नाहीत. त्यानंतर बाईंनी तोच नकाशा मुख्याध्यापकांना दाखवला. न विचारता. मी तिथे नव्हते. बाईंनी सांगितल्याप्रमाणे सरांनी विचारलं, हे सी.आर.ला, म्हणजे गोपनीय अहवालाला, जोडू? बाई म्हणाल्या, नको सर, हे माझ्यासाठी आहे. सर बरं म्हणाले.

दुसरं निरीक्षण

सुमारे दोन महिन्यांनी मी पुन्हा बसले. या वेळचा धडा वेगळा, नकाशा तोच. प्रश्न 21, म्हणजे जवळजवळ अर्ध्यावर आलेले. स्वतःच उत्तर दिलेले दोन. भिंतीकडच्या मागच्या बाकांना सहा प्रश्न, पाच विज्ञानाचे. आठांपैकी तिघांनी उत्तर दिलं, एकाने उत्तराऐवजी प्रश्न विचारला. चौघे अजून गप्प होते. त्यांत एक मुलगी, जिच्या नावाची चिठ्ठी दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा तिने वही झाकून घेतली.

गोंगाटाच्या रेघा दहा. पहिल्या तासापेक्षा एक जास्त.

ज्या तक्रारीसाठी मला बोलावलं होतं ती आकड्यांत तशीच राहिली हे लपवण्यात अर्थ नाही. पण बाईंनी बैठकीत रेघांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना त्या वही झाकणाऱ्या मुलीबद्दल बोलायचं होतं: चिठ्ठी तिच्यासाठी शिक्षा होतेय का, तिला आधी वहीतलं मला एकटीला दाखवू द्यावं का? आम्ही अर्धा तास त्यावर बोललो. फेब्रुवारीत बाहेरून एक अधिकारी आले, दहा मिनिटं बसले आणि शेरेबुकात 'वर्गशिस्तीकडे लक्ष द्यावे' असं लिहून गेले. बाईंनी खाली सही केली.

वार्षिक परीक्षेत तुकडीचे गुण थोडे वर आले. त्याचं श्रेय या कामाला द्यायला मी तयार नाही. पेपर सोपा होता, शिकवण्याही चालू होत्या, आणि एका तुकडीच्या एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही.

वेळेचा हिशेब

या पद्धतीवरचा खरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो टाळता येत नाही. 35 मिनिटांचा एक तास बघायचा तर आधीची बैठक, नोंदी वाचणं आणि नंतरची बैठक धरून अर्धा दिवस जातो. ज्याच्याकडे डझनभर शाळा आणि त्यांचे ऑनलाइन तक्ते आहेत, त्या अधिकाऱ्याने हे करावं असं म्हणणं म्हणजे न करण्याची सोय करून देणं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे 'सगळ्या स्टाफसाठी फॉर्मेट' मागितला. मी दिला नाही. छापील फॉर्म आला की खाने भरले जातात, आणि आधीची बैठक, जिथे शिक्षक स्वतःचा प्रश्न शोधतो, ती पहिली गळते. त्याऐवजी वेळापत्रकात एक जागा मागितली: विज्ञान आणि गणिताच्या बाईंना आठवड्यातून एकदा एकमेकींचा तास बघता येईल असा ऑफ तास. सरांनी तो दिला. बदलीच्या तासांच्या दिवसांत तो जातो, पण बहुतेक आठवडे टिकतो.

दोघी बरोबरीच्या, कुणीच कुणाचा अहवाल लिहीत नाही. धोका एवढाच की मैत्रिणी एकमेकींना फक्त गोड बोलतात. म्हणून मी एकच नियम सुचवला: बघणारीने मत द्यायचं नाही, नोंद द्यायची, मत जिचा वर्ग आहे तिने मांडायचं. जूनमध्ये गणिताच्या बाईंनी त्यांचा पहिला प्रश्न दिला. फळ्यावर गणित सोडवताना मी वर्गाकडे पाठ किती वेळ करते, आणि तेवढ्यात कोण लिहायचं थांबतं? विज्ञानाच्या बाईंनी बाकांचा कोरा नकाशा झेरॉक्स करून घेतला आहे आणि घड्याळ कुठे ठेवायचं यावर दोघींचं अजून एकमत झालेलं नाही.